उलटीचं औषध: कोणाला, किती आणि कशासाठी?

या खेपेच्या टपालातली बरीच पत्रं एकाच विषयावरची आहेत: रुग्णालयात दाखल असलेल्या मुलांना दिली जाणारी उलटीची औषधं. मी मुलांच्या रुग्णालयात औषधनिर्माती आहे. डॉक्टरांनी लिहिलेला डोस मुलाचं वजन, वय, आजार आणि चालू असलेली बाकीची औषधं यांच्याशी ताडून बघायचा आणि मगच औषध वॉर्डात पाठवायचं, हे माझं रोजचं काम. उलटीचं औषध म्हणजे ‘साधंच तर औषध’, असं पालकांना वाटतं, आणि कधीकधी आमच्यातल्या काहींनाही वाटतं. ते साधं नाही. उलटी कशामुळे होते आहे त्यावर औषध ठरतं, आणि एका मुलाला तारणारं औषध दुसऱ्याला गोत्यात आणू शकतं.

माझा चार वर्षांचा मुलगा जुलाब-उलट्यांसाठी दाखल होता. जिभेवर विरघळणारी एकच गोळी दिली. नंतर दोनदा उलटी झाली तरी पुन्हा गोळी दिली नाही, फक्त ओआरएस पाजत राहा म्हणाले. शेजारच्या खाटेवरच्या मुलीला मात्र डॉमपेरिडोनचं सिरप दिवसातून तीनदा चालू होतं. आमच्याकडे दुर्लक्ष झालं का? — एक आई

नाही, दुर्लक्ष झालेलं नाही. तुमच्या मुलावर जे उपचार झाले ते अगदी नेमके झाले.

ती गोळी बहुधा ऑनडान्सेट्रॉनची असावी. पोटात संसर्ग झाला की आतड्याच्या अस्तरातून सेरोटोनिन नावाचं रसायन बाहेर पडतं आणि ‘उलटी कर’ हा निरोप मज्जातंतूंवाटे मेंदूपर्यंत जातो. ऑनडान्सेट्रॉन तो निरोप अडवतं. अशा आजारात मुलांना तोंडावाटे एकच डोस द्यायची पद्धत आहे: ८ ते १५ किलो वजनाला २ मिलिग्रॅम, १५ ते ३० किलोला ४ मिलिग्रॅम आणि त्यापुढे ८ मिलिग्रॅम. उलटी साफ बंद करणं हा त्या डोसचा हेतूच नसतो. पोट थोडा वेळ शांत राहावं, तेवढ्यात ओआरएस आत जाऊन टिकावं आणि सलाईन लावायची वेळ येऊ नये, एवढ्यासाठी तो असतो. म्हणून गोळीनंतर १५-२० मिनिटांनी पाजायला सुरुवात करतात, तेही एक-दोन मिनिटांनी एकेक चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर. तहानलेलं मूल पेला हिसकावून घेतं आणि आईला ते बघवत नाही, हे मी खूपदा पाहिलं आहे. पण घटाघट प्यायलेलं पाणी तसंच्या तसं बाहेर येतं.

पुन्हा पुन्हा गोळ्या दिल्या तर जुलाब वाढू शकतात, कारण या औषधाचा तोही एक दुष्परिणाम आहे. नंतरच्या दोन उलट्यांपेक्षा सिस्टरांचं लक्ष दुसरीकडे असतं: लघवी होते आहे का, रडताना डोळ्यांत पाणी येतं आहे का, मूल हाकेला ओ देतं आहे का. हे सगळं ठीक असेल तर दोन उलट्यांनी काही बिघडत नाही.

आता डॉमपेरिडोनविषयी. जुलाब-उलट्या झालेल्या १२ वर्षांखालील मुलांमध्ये या औषधाची तुलना औषध नसलेल्या, पण हुबेहूब दिसणाऱ्या सिरपशी केली गेली, तेव्हा दोन्हींत फरक दिसला नाही. त्याआधीच त्याचा हृदयाच्या ठोक्यांवरचा परिणाम लक्षात येऊन युरोपात २०१४ मध्ये त्याचा वापर आवळला होता. २०१९ मध्ये ब्रिटनच्या औषध नियामकांनी १२ वर्षांखालच्या आणि ३५ किलोंहून कमी वजनाच्या मुलांसाठी ते बंदच केलं. शेजारच्या खाटेवर जास्त औषधं म्हणजे तिथे जास्त काळजी, असा अर्थ कृपा करून काढू नका.

नऊ वर्षांच्या मुलीला उलटीचं इंजेक्शन दिलं. काही तासांनी तिची मान एका बाजूला वळून ताठ झाली, डोळे वर गेले, जीभ जड पडली. आम्हाला वाटलं फिट आली. ती मात्र रडत होती, आमच्याकडे बघायचा प्रयत्न करत होती. डॉक्टरांनी दुसरं इंजेक्शन दिल्यावर थोड्याच वेळात ती नीट झाली. मेंदूला इजा झाली असेल का? — एक वडील

इजा झालेली नाही. हे वाक्य पुन्हा वाचा आणि मगच पुढे जा.

तुम्ही जे वर्णन केलंत ते ‘डिस्टोनिया’चं आहे, आणि औषध बहुधा मेटोक्लोप्रामाइड असावं. हे औषध मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचं काम अडवून उलटी थांबवतं. पण डोपामिनला आणखीही एक काम असतं, स्नायूंच्या हालचालींचा तोल राखायचं. तो तोल गेला की मान, डोळे, जबडा, जीभ यांचे स्नायू आपोआप आवळले जातात. मोठ्यांपेक्षा मुलांत आणि तरुणांत हे जास्त दिसतं, आणि दिसलं तर बहुतेकदा पहिल्या एक-दोन दिवसांतच.

फिट आणि हे, यातला फरक तुमच्या पत्रातच आहे. मुलगी रडत होती, तुमच्याकडे बघायचा प्रयत्न करत होती, म्हणजे पूर्ण शुद्धीवर होती. सर्वांगाला झटके देणाऱ्या फिटमध्ये शुद्ध हरपते. डिस्टोनियात मुलाला सगळं कळत असतं, फक्त अंग ऐकत नाही, आणि म्हणून ते फार घाबरतं. अशा वेळी जवळच्या माणसाने हात धरून ‘हे औषधामुळे होतंय, आत्ता जाईल’ एवढं शांतपणे सांगितलं तरी मुलाला मोठा धीर येतो. दुसरं इंजेक्शन डायफेनहायड्रामिन, प्रोसायक्लिडिन किंवा तशाच एखाद्या औषधाचं असणार. त्याने काही मिनिटांत आराम पडतो. मात्र त्याचा असर ओसरला की त्रास परत डोकावू शकतो. म्हणून पुढचा दिवसभर मुलीवर लक्ष ठेवतात, कधी एक-दोन दिवस तेच औषध तोंडाने देतात.

युरोपच्या औषध नियामकांनी २०१३ मध्ये मेटोक्लोप्रामाइडला स्पष्ट चौकट घातली. एक वर्षाखालच्या बाळांना ते द्यायचं नाही. त्यावरच्या मुलांना कर्करोगावरच्या केमोनंतर उशिरा होणाऱ्या उलट्या किंवा शस्त्रक्रियेनंतरच्या उलट्या यांसाठीच द्यायचं, आणि तेही दुसरं औषध लागू पडलं नाही तर. डोस दर किलोला ०.१ ते ०.१५ मिलिग्रॅम, दिवसातून जास्तीत जास्त तीनदा, पाच दिवसांच्या वर नाही. माझ्या टेबलावर एखाद्या मुलाचा केसपेपर येतो आणि त्यावर हे औषध दिसतं, तेव्हा मी आधी फोन उचलते आणि विचारते: दुसरं काही देऊन पाहिलं का?

तुम्ही आता एक काम करा. डिस्चार्जच्या कागदावर औषधाचं नाव, डोस, तारीख आणि काय झालं हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. नुसतं ‘इंजेक्शनची ॲलर्जी’ असं लिहिलेलं पुरत नाही. ही ॲलर्जी नव्हेच; आणि नाव नसेल तर पुढच्या डॉक्टरांनी टाळायचं काय? त्याच कागदाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. प्रोक्लोरपेराझिनसारखी याच पद्धतीने काम करणारी इतरही औषधं आहेत, त्यांच्याबाबतही डॉक्टरांना सावध राहता येईल.

औषध दिल्यावर दहा मिनिटांत मुलाने ओकून टाकलं. परत द्यावं का? आणि घरी उरलेलं सिरप पुढच्या वेळी चालेल का? — एक मावशी

रुग्णालयात असाल तर सिस्टरांना वेळेसकट सांगा. स्वतःहून दुसरा डोस देऊ नका. ऑनडान्सेट्रॉन १५ मिनिटांच्या आत बाहेर पडलं तर बहुधा पुन्हा देतात. मेटोक्लोप्रामाइडचं तसं नाही. उलटीत पडलं तरी पुढच्या डोसपर्यंत किमान सहा तास जाऊ द्यावे लागतात. उरलेलं सिरप नको. तेव्हाचं वजन वेगळं होतं, आणि पुढच्या उलटीचं कारणही वेगळं असेल.

मुलगा रात्रभर ओकत होता. दाखल केल्यावर डॉक्टरांनी आधी पोट दाबून पाहिलं, रक्त घेतलं, लघवी तपासली, हजार प्रश्न विचारले. उलटीचं औषध दीड तासाने दिलं. आधी औषध देऊन मग तपासण्या करता येत नाहीत का? — एक आई

तुमची तगमग समजते. तरीही मी डॉक्टरांच्या बाजूने आहे.

उलटी ज्या आजारांचं पहिलं लक्षण असते त्यांतले काही तासांच्या हिशेबाने बिघडतात. उलटी हिरवी असेल, विशेषतः तान्ह्या बाळाची, तर आतड्याला पीळ पडलेला असू शकतो आणि तिथे सर्जन लागतो. काही आठवड्यांच्या बाळाची प्रत्येक दुधानंतर कारंज्यासारखी लांब उडणारी उलटी जठराच्या तोंडाशी अडथळा असल्याची खूण असते. सकाळी उठल्यावर डोकेदुखी आणि उलटी, डोक्याला मार लागल्यावरची उलटी, तान्ह्या बाळाची फुगलेली टाळू, यांत मेंदूवरच्या दाबाचा विचार करावा लागतो. खूप तहान, वारंवार लघवी आणि खोल भरभर श्वास यांच्या जोडीला उलटी असेल तर साखर तपासल्याशिवाय एक पाऊल पुढे टाकू नये. मधुमेहाचं निदान पहिल्यांदा असंच झालेली मुलं कमी नाहीत. मुलगा पोटदुखी आणि उलटी म्हणून येतो आणि खरं कारण वृषणाला बसलेला पीळ असतं. लाजून तो सांगत नाही, म्हणून विचारावं लागतं, बघावं लागतं.

अशा मुलाची उलटी औषधाने थांबली तर घरचे निवांत होतात, आजार मात्र आत पुढे सरकत राहतो. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरही हीच भीती असते. ऑनडान्सेट्रॉनमुळे उलटी थांबते आणि आतड्यांची हालचाल मंदावून पोट फुगत चाललेलं लक्षात येत नाही. ‘हजार प्रश्न’ विचारणारे डॉक्टर भेटले हे तुमच्या मुलाचं भाग्यच म्हणायचं. दीड तास ओकणाऱ्या मुलाला आणि तुम्हाला ‘औषध का थांबवलंय’ हे कोणी सांगितलं नाही, ही मात्र त्यांची चूक. ते सांगायला अर्धा मिनिट लागतो.

माझ्या सात वर्षांच्या मुलाला रक्ताचा कर्करोग आहे. केमोच्या दिवशी रुग्णालयाचं दार दिसताच त्याला ओकारी येते, सुई लागण्याआधीच. उलट्या व्हायच्या आधीच औषध कशाला देतात? आणि एवढी औषधं असूनही ही ओकारी का थांबत नाही? — एक आई

ताई, केमोच्या उलटीला तीन दरवाजे असतात आणि प्रत्येकाची किल्ली वेगळी.

पहिली उलटी केमोनंतरच्या चोवीस तासांतली. ती मुख्यतः सेरोटोनिनमुळे होते, तिथे ऑनडान्सेट्रॉन चांगलं चालतं. दुसरी चोवीस तासांनंतरची, दोन-चार दिवस रेंगाळणारी. तिच्यासाठी डेक्सामेथासोन आणि ॲप्रेपिटंटसारखी औषधं लागतात. तिसरी तुमच्या मुलाची. मागच्या वेळचा त्रास मेंदूने त्या दाराशी, त्या वासाशी बांधून ठेवला आहे. ही ओकारी खरी आहे, तो नाटक करत नाही. पण ती सेरोटोनिनच्या वाटेने येतच नाही, म्हणून ऑनडान्सेट्रॉन वाढवून ती थांबत नाही.

आधी औषध देण्याचं कारण हेच. इंजेक्शन केमोच्या सुमारे अर्धा तास आधी, तोंडाने द्यायचं औषध अर्धा ते एक तास आधी. पहिल्या केमोपासून उलटी नीट आवरली तर मेंदूला असं काही बांधून ठेवायला कारणच मिळत नाही. एकदा ती सवय लागली की सोडवायला वेळ लागतो. त्यासाठी संमोहन, श्वासाचे व्यायाम, आवडती गोष्ट ऐकत आत येणं असे उपाय खरोखर उपयोगी पडतात. तुमच्या रुग्णालयात मुलांचे मानसोपचारतज्ज्ञ असतील तर त्यांची भेट मागून घ्या. काही मुलांना आदल्या रात्री आणि त्या दिवशी सकाळी लोराझेपामचा छोटा डोस देतात. ते मनाचा ताण कमी करणारं औषध आहे आणि त्याने गुंगी येते, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीतच.

आता जे तुम्ही विचारलं नाहीत, पण मला सांगायचंच आहे ते. जुलाबाच्या आजारात ऑनडान्सेट्रॉनने जुलाब वाढू शकतात, पण केमोच्या मुलांत त्याने बद्धकोष्ठता होते. रक्ताच्या कर्करोगात दिलं जाणारं व्हिंक्रिस्टिनही आतडी मंद करतं. दोन्ही एकत्र आली की मूल चार-चार दिवस शौचाला जात नाही, पोट फुगतं, त्यानेच पुन्हा मळमळ सुरू होते आणि त्या मळमळीसाठी आणखी ऑनडान्सेट्रॉन लिहिलं जातं. हे चक्र मी वॉर्डात बघते आणि दर वेळी अस्वस्थ होते, कारण ते टाळता येतं. मुलगा शौचाला कधी गेला याची नोंद ठेवा आणि राउंडच्या वेळी तुम्हीच विषय काढा. पोट साफ होण्याचं औषध वेळेवर सुरू झालं की निम्मी मळमळ जाते, असाही अनुभव येतो.

दुसरं, डेक्सामेथासोन. हे एक स्टेरॉइड आहे. तुमच्या मुलाच्या मूळ उपचारातच स्टेरॉइड असू शकतं, तेव्हा उलटीसाठी ते वेगळं द्यायचं की नाही हे कर्करोगतज्ज्ञच ठरवतात. आणि ॲप्रेपिटंट डेक्सामेथासोनची रक्तातली पातळी वाढवतं, म्हणून दोन्ही बरोबर असतील तर उलटीसाठीच्या डेक्सामेथासोनचा डोस साधारण निम्म्यावर आणतात. ‘या वेळी डोस कमी का?’ हा प्रश्न पडला तर जरूर विचारा, उत्तर हेच असण्याचा संभव आहे.

मळमळ किती आहे हे मुलालाच विचारा. उलटी दिसते, मळमळ दिसत नाही. वॉर्डात चेहऱ्यांच्या चित्रांची पट्टी असते, शांत चेहऱ्यापासून ओकणाऱ्या चेहऱ्यापर्यंत. सात वर्षांचं मूल त्यावर अचूक बोट ठेवतं.

नातीला ऑनडान्सेट्रॉन देण्याआधी ईसीजी काढला. हृदयाला धोका असेल तर असं औषध द्यायचंच कशाला? — एक आजोबा

आजोबा, ईसीजी काढला म्हणजे धोका आहे असं नव्हे. धोका नाही ना, एवढं पाहून घेतलं. हे औषध हृदयाच्या दोन ठोक्यांमधली विद्युत विश्रांती थोडी लांबवतं. निरोगी मुलाला एका डोसने काही होत नाही, आणि जुलाब-उलट्यांत तोंडाने एकदा देताना सरसकट ईसीजी काढतही नाहीत. पण कोणाला जन्मतःच ही विश्रांती लांबलेली असते. कोणाचं पोटॅशियम किंवा मॅग्नेशियम उलट्यांमुळे उतरलेलं असतं. कोणाला त्याच वेळी ॲझिथ्रोमायसिन किंवा फ्लुकोनॅझोलसारखं, तोच परिणाम करणारं औषध चालू असतं. तिथे बघावं लागतं. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०१२ मध्ये याच कारणासाठी शिरेतून एका वेळी ३२ मिलिग्रॅमचा डोस काढून टाकला आणि १६ मिलिग्रॅमची मर्यादा घातली, आणि हे मोठ्या माणसांसाठीचे आकडे आहेत. घराण्यात कोणी अचानक बेशुद्ध पडत असेल किंवा तरुणपणी झोपेत वा पळताना अकस्मात गेलं असेल, तर ते डॉक्टरांना सांगा. अशा गोष्टी घरातल्या वडीलधाऱ्यांनाच ठाऊक असतात.

मॅडम, मी मुलांच्या वॉर्डात नुकतीच रुजू झाले आहे. उलटीचं इंजेक्शन भरताना हात थरथरतो. चूक होऊ नये म्हणून काय करू? — एक नवी सिस्टर

हात थरथरतो म्हणजे तुला जबाबदारी कळली आहे. आता हिशेब करू.

बारा किलोचं मूल. ऑनडान्सेट्रॉन दर किलोला ०.१५ मिलिग्रॅम, म्हणजे १.८ मिलिग्रॅम. अँप्यूलवर, म्हणजे इंजेक्शनच्या छोट्या कुपीवर, बघ: बहुतेक ठिकाणी एका मिलिलिटरमध्ये २ मिलिग्रॅम असतं. म्हणजे भरायचं ०.९ मिलिलिटर. मिलिग्रॅम आणि मिलिलिटर यांत गल्लत होऊन १.८ मिलिलिटर भरलं, तर डोस दुप्पट झाला. दशांश चिन्ह सरकून १.८ चं १८ वाचलं, तर ९ मिलिलिटर लागतील आणि २ मिलिलिटरचे पाच अँप्यूल फोडावे लागतील. एका छोट्या मुलाच्या एका डोससाठी दुसरा अँप्यूल हातात घ्यायची वेळ आली, की तिथेच थांब. हिशेब कुठेतरी चुकला आहे असं धरून चाल आणि दुसऱ्या सिस्टरकडून पडताळून घे. तिला तुझं उत्तर आधी सांगू नकोस, तिचं तिला काढू दे.

वजन आजचं हवं, किलोमध्ये, काट्यावर घेतलेलं. ‘असेल बारा-तेरा’ हे वजन नव्हे. लिहिताना दशांशाआधी शून्य घालायचं, ०.९ असं, पूर्णांकानंतर घालायचं नाही, २ मिलिग्रॅमला २.० लिहायचं नाही, कारण टिंब पुसट झालं की त्याचे २० होतात. तोंडाने द्यायचं औषध तोंडाच्याच सिरिंजमध्ये भर. ती शिरेच्या नळीला बसत नाही आणि त्यासाठीच ती तशी बनवली आहे. दोन वर्षांखालच्या मुलाच्या कागदावर प्रोमेथाझिन दिसलं तर देऊ नकोस, डॉक्टरांना फोन कर. त्या वयात त्याने श्वास दबतो.

आणि घाई नको. ऑनडान्सेट्रॉन शिरेतून दोन ते पाच मिनिटांत सावकाश, मेटोक्लोप्रामाइड किमान तीन मिनिटांत. मेटोक्लोप्रामाइड झटकन दिलं तर मूल एकाएकी बेचैन होतं, खाटेवरून उठून पळू बघतं. तीन मिनिटं मनात मोजली तर ती एकच भरतात, म्हणून समोर घड्याळ ठेवून दे.